चोरांची बँक

ऑपेरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भरजरी कपडे आणि उंच आवाजात गाणारी जाडजूड बाई येते. पण जी. डब्ल्यू. पाब्स्टचा 'थ्रीपेनी ऑपेरा' हा १९३१ सालचा जर्मन बोलपट पाहा. इथे गातात ते चोर, भिकारी आणि वेश्या!

मूळ कल्पना लंडनच्या जॉन गेची, १७२८ सालच्या 'बेगर्स ऑपेरा'ची. बरोबर २०० वर्षांनी बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी तिचं नवं नाटक केलं. आपल्या पु.लं.चा १९७८ सालचा 'तीन पैशाचा तमाशा' याच घराण्यातला, जब्बार पटेलांनी बसवलेला.

सिनेमा तेव्हा नुकताच बोलायला शिकला होता. डबिंग आजच्यासारखं सोपं नव्हतं. म्हणून पाब्स्टने त्याच सेटवर फ्रेंच नट उभे करून सगळा सिनेमा पुन्हा शूट केला. आपल्याला एक जर्नल दोनदा लिहायचं म्हटलं तरी घाम फुटतो! नाटकातली बरीच गाणी मात्र त्याने गाळली. कथेतले बदल आणि संगीत यांवरून ब्रेख्त आणि वाइल १९३० मध्येच कोर्टात गेले होते. ब्रेख्त हरला, वाइल जिंकला. पुढे १९३३ मध्ये नाझींनी सिनेमावरच बंदी घातली.

सगळ्यात भारी भाग शेवटचा. दरोडेखोर मॅकी पोलिसांपासून पळतोय आणि इकडे त्याची बायको पॉली टोळीला सुटाबुटात बसवून चक्क बँक काढते! शेवटी पोलीसप्रमुख टायगर ब्राऊनही त्यात भागीदार. दरोडा घालायची गरजच काय, लोक आपणहून पैसे आणून देतात.

रूमवर हा सीन आला तेव्हा पोरं खो खो हसली. मीही हसलो, पण मग गप्प झालो. दोन वर्षांच्या कांद्याचे पैसे बाबांनी माझ्या फीसाठी गावाकडच्या एका पतसंस्थेत ठेवले होते. संस्थेला कुलूप लागून चार वर्षं झाली. पावती अजून देव्हाऱ्यात आहे. चेअरमनसाहेब दर गणपतीत प्रमुख पाहुणे म्हणून येतात, आणि बाबा त्यांना नमस्कार करतात, कारण पैसे अजून त्यांच्याकडेच आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना हा सिनेमा दाखवणार आहे. शेजारी बसून मराठीत सांगत जाईन. बँकेच्या सीनला मात्र काही सांगावं लागेल असं वाटत नाही.