कळ थांबते तेव्हा

कुशीवर जेल लावून प्रोब टेकवला की किडनी फुगली आहे की नाही, हे अर्ध्या मिनिटात कळतं. निरोगी किडनीचा मधला भाग पडद्यावर पांढुरका दिसतो. लघवी तुंबली की तिथे काळी पोकळी उघडते. नवशिक्यालाही ती ओळखता येते. खरं काम त्यानंतरचं. पाटाचं पाणी वाफ्यात मागे फुगलं की शेतकरी पाटाच्या कडेकडेने खाली चालत जातो, तसं मूत्रनलिकेबरोबर उतरत अडथळा गाठायचा.

ही नलिका २५ ते ३० सेंटीमीटर लांब. तीन जागी ती अरुंद होते: किडनीतून निघताना, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. खडा बहुधा यांपैकीच एका ठिकाणी अडतो. मधला पल्ला आतड्यातल्या वायूआड लपतो. तिथे सोनोग्राफी लंगडी पडते आणि सीटी स्कॅनला पाठवावं लागतं. खालचं टोक मात्र भरलेल्या मूत्राशयातून स्वच्छ दिसतं. कलर डॉप्लर लावला की नलिकेतून लघवीची धार मूत्राशयात उडताना दिसते. थोड्या थोड्या वेळाने दोन्ही बाजूंनी ती उडाली की माझा जीव भांड्यात पडतो.

पण याच भरलेल्या मूत्राशयाच्या दाबाने किडनी उगीचच थोडी फुगलेली दिसू शकते. म्हणून आधी खालचं टोक बघून घ्यायचं, मग ‘लघवी करून या’ म्हणायचं आणि किडनी पुन्हा बघायची. बाहेर बाक भरलेला असताना ही दुसरी फेरी टाळावीशी वाटते. मी टाळत नाही. ‘किडनीला सूज’ एवढे दोन शब्द कागदावर उमटले की घरच्यांची झोप उडते. गरोदरपणात तर उजवी किडनी बऱ्याचदा फुगतेच. वाढतं गर्भाशय उजवीकडे कलून नलिकेवर दाब देतं. बाळंतपणानंतर बहुतेकींची ही सूज आपोआप उतरते.

मला जास्त धास्ती वाटते ती न दुखणाऱ्या किडनीची. फुगवटा आणि वेदना यांचा मेळ बसत नाही. चार मिलिमीटरच्या खड्याने धट्टाकट्टा माणूस टेबलावर लोळतो, आणि किडनी मात्र जेमतेम फुगलेली असते. याउलट एखादे आजोबा म्हणतात, “रात्रीचं चारदा उठावं लागतं, आता वयच झालं.” प्रोस्टेट वाढलेलं, लघवी करून आल्यावरही मूत्राशय अर्धं भरलेलं आणि दोन्ही किडन्या फुगलेल्या! दुखत काहीच नसतं. एकाच बाजूची किडनी तुंबली असेल तर रक्तातलं क्रिएटिनिनही बऱ्याचदा साळसूद असतं, कारण दुसरी किडनी मुकाट्याने सगळं काम ओढते.

“मॅडम, कालपासून कळ थांबली. पडला असंल खडा.” हे वाक्य मी सतत ऐकते. पाच मिलिमीटरहून लहान खडे बहुतेक आपोआप पडतात, हे खरं. कुळथाचं कढण प्यायलेल्याचा पडतो, तसा न प्यायलेल्याचाही पडतो. पण कळ थांबायला दुसरंही कारण असतं. लघवीची वाट बंद राहिली की त्या किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं, लघवी कमी तयार होते, आतला दाब उतरतो आणि दुखणं विझतं. खडा असतो जागच्या जागी. वाट पूर्ण बंद असेल तर काही आठवड्यांत किडनीचा कामाचा थर कायमचा मरू लागतो, आणि तो पातळ झालेला मला पडद्यावर मोजता येतो. उरलेला थर किती काम करतोय, हे मात्र सोनोग्राफी सांगत नाही. त्यासाठी आयसोटोप स्कॅन लागतो. म्हणून कळ थांबलेल्यालाही मी म्हणते, “आलाच आहात तर झोपा, बघून घेऊ.”

एका गोष्टीला मात्र मी रिपोर्ट टाइप होईपर्यंतही थांबत नाही. तुंबलेली किडनी आणि थंडी वाजून ताप एकत्र आले, तर साचलेल्या लघवीचा पू होऊन विष रक्तात उतरायला काही तास पुरतात. नुसत्या अँटिबायोटिकने तेव्हा भागत नाही. मी थेट युरॉलॉजिस्टना फोन लावते. ते आतून डीजे स्टेंट घालतात किंवा पाठीतून नळी टाकून किडनी मोकळी करतात. नातेवाईक विचारतात, “आणि खडा?” खडा नंतर काढतात, ताप उतरल्यावर.