नुसता धाक

१९९८ सालच्या मे महिन्यांत पोखरणच्या चाचण्यांची वार्ता आली, त्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं पेढे वाटले होते. हें सांगतांना आज किंचित् संकोच वाटतो. पण तें खरें आहे. आम्ही तेव्हां नुकतेच प्राध्यापकीस लागलों होतों. उत्तरपत्रिका तपासण्यासाठीं मंडळी जमली होती आणि लाल शाईनें डागळलेल्या बोटांनींच सर्वांनीं पेढे उचलले. इतिहास शिकविणाऱ्या एका वृद्ध सहकाऱ्यांनींही एक उचलला, व तोंडांत टाकण्यापूर्वीं विचारलें, "हें शस्त्र वापरणार केव्हां?" आम्ही उत्साहानें म्हणालों, "सर, तें वापरण्यासाठीं नाहींच मुळीं. नुसता धाक!" ते शांतपणें म्हणाले, "धाक नुसता नसतो. तो रोज जागता ठेवावा लागतो." आम्ही हंसलों आणि पेढ्यांचा पुडा घेऊन पुढच्या टेबलाकडे वळलों.

ते गृहस्थ आज हयात नाहींत, आणि आम्हीही पन्नाशी ओलांडली आहे. मध्यंतरींच्या काळांत, विमानांतून टाकावयाच्या या महाशस्त्राचा इतिहास वाचण्याचा योग आला, तेव्हां कोठें त्यांच्या वाक्याचा अर्थ आमच्या ध्यानांत आला.

युद्धांत अणुबॉम्ब पडला तो आजवर दोनदांच : ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर, दोन्ही वेळां विमानांतून. पुढच्याच वर्षीं बर्नार्ड ब्रॉडी या अमेरिकन पंडितानें असा विचार मांडला कीं, आजवर सैन्याचें मुख्य काम युद्ध जिंकणें हें होतें, यापुढें तें युद्ध टाळणें हें राहील. विचार उदात्त खरा. पण त्याच्या पोटांत एक चमत्कारिक अट दडलेली होती. जें शस्त्र पडून राहण्यांतच यशस्वी व्हावयाचें, तें कोणत्याही क्षणीं उचललें जाईल अशी शत्रूची खात्री पटली पाहिजे. खात्री डळमळली कीं धाक संपला.

ही खात्री पटविण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला दाखविण्याचा. ३० ऑक्टोबर १९६१ रोजीं रशियानें नोवाया झेम्ल्या या उत्तरेकडील बेटांवर एक बॉम्ब टाकला. त्याचें वजन सुमारें २७ टन आणि शक्ति सुमारें ५० मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या तीन हजार पटींहून अधिक! मूळ रचना १०० मेगाटनांची होती. ती निम्म्यावर आणली गेली. विमानास पळून जाण्यास अवधि मिळावा म्हणून त्यास प्रचंड हवाई छत्री बांधिली होती. एवढें अवजड धूड घेऊन शत्रूच्या देशावर जाणें जवळजवळ अशक्यच. तो बॉम्ब युद्धासाठीं नव्हताच. तो दाखविण्यासाठीं होता.

दुसरा मार्ग जागरणाचा. क्षेपणास्त्रें आलीं, तशी जमिनीवर उभीं असलेलीं विमानें तेथल्या तेथें नष्ट होण्याची भीति निर्माण झाली. तेव्हां अमेरिकेनें आपल्या बॉम्बफेकी विमानांपैकीं एकतृतीयांश विमानें पंधरा मिनिटांत उडतील अशीं सज्ज ठेविलीं, आणि कांहीं बी-५२ विमानें हायड्रोजन बॉम्ब घेऊन अहोरात्र आकाशांतच फिरत ठेविलीं. विमानाचा एक गुण येथें मान्य केला पाहिजे. सुटलेलें क्षेपणास्त्र परत येत नाहीं. विमानास मागें बोलाविता येतें, कारण त्यांत माणूस बसलेला असतो. दोन शब्द ऐकून परत फिरण्याची सोय या शस्त्रांत होती, आणि ती लहान गोष्ट नव्हे.

परंतु जागरण करणाऱ्यास डुलकी लागते, आणि यंत्रासही थकवा येतो. २४ जानेवारी १९६१ रोजीं अमेरिकेंतच, उत्तर कॅरोलायना राज्यांतील गोल्ड्सबरो गांवाजवळ, एक बी-५२ हवेंतच मोडलें; तीन वैमानिक दगावले. त्यांतील दोन बॉम्बांपैकीं एक छत्रीसह झाडास लटकला, दुसरा दलदलीच्या शेतांत रुतला. त्याचा कांहीं भाग अजूनही तेथेंच जमिनींत आहे. अनर्थ टळला तो अल्प दाबाच्या एका साध्या कळीमुळें, असें सरकारी शास्त्रज्ञाच्या १९६९ च्या टिपणांत नमूद असल्याचें २०१३ सालीं जगास कळलें.

१७ जानेवारी १९६६ रोजीं स्पेनमधील पालोमारेस या खेड्यावर, आकाशांत इंधन भरतांना दोन विमानांची टक्कर झाली. सात माणसें मेलीं आणि चार हायड्रोजन बॉम्ब खालीं आले. दोहोंतील साध्या स्फोटकांचा भडका उडून प्लुटोनियमची धूळ टोमॅटोच्या मळ्यांवर पसरली. चौथा समुद्रांत पडला. तो सुमारें अकरा आठवड्यांनीं हातीं लागला. सुमारें १,४०० टन माती अमेरिकेस न्यावी लागली. तरीही पन्नास वर्षांनंतर तेथील कांहीं जमीन कुंपणाआडच होती. स्पेन हा अमेरिकेचा शत्रु नव्हता, हें सांगावयास नकोच. दोन वर्षांनीं, २१ जानेवारी १९६८ रोजीं, ग्रीनलंडमधील थूलेजवळ बर्फावर असेंच विमान कोसळलें, तेव्हां बॉम्ब घेऊन घिरट्या घालण्याची ती प्रथा बंद झाली. १९४५ नंतर जे बॉम्ब असे खालीं आले, ते शत्रूवर नव्हे, स्वतःवर आणि मित्रांवरच आले.

कोणी म्हणेल, "तरीही महायुद्ध झालें नाहीं ना?" झालें नाहीं, हें खरें. येथें आम्हांस आमच्या आजीची आठवण होते. ती दर शनिवारीं दारावर लिंबू-मिरची बांधीत असे. इंग्रजी शिकूं लागलेले आम्ही तिला विचारीत असूं, "आजी, बांधलें नसतें तर काय झालें असतें, हें तुला काय ठाऊक?" ती म्हणे, "तेंच मला पाहायचें नाहीं रे बाळा." धाकाच्या पुरस्कर्त्यांचें उत्तर याहून वेगळें नाहीं, आणि वयपरत्वें तें आम्हांस पूर्वीइतकें हास्यास्पद वाटेनासें झालें आहे. न घडलेल्या गोष्टीचें कारण सिद्ध करणें इतिहासकारासही कठीण! मात्र एक भेद विसरतां येत नाहीं. आजीच्या लिंबाचा दोरा तुटला, तर तें उंबऱ्यावर पडून राही, आणि सकाळीं कोणी तरी तें झाडून टाकी.

असो. १९९१ च्या सप्टेंबरांत अमेरिकेचीं सज्ज विमानें धावपट्टीवरून हटविण्यांत आलीं. २०११ सालीं त्या देशाच्या ९ मेगाटनी बॉम्बांतील शेवटचा बॉम्ब सुटा करण्यांत आला. पण बी-५२ विमान आजही उडतें, आणि विमानांतून टाकावयाचे लहान, अधिक नेमके बॉम्ब नव्यानें घडविले गेले आहेत.

आपल्या देशानें हें शस्त्र बाळगूंच नये होतें, असें आमचें म्हणणें नाहीं. शेजारचीं दोन्ही राष्ट्रें तें बाळगून आहेत. आणि आपण प्रथम वार करणार नाहीं, असें आपल्या शासनानें २००३ सालीं धोरण म्हणून जाहीर केलें, याचें आम्हांस समाधान आहे. पण जेथें शहाण्यांच्या दूरदृष्टीइतकाच एका साध्या कळीचाही वांटा आहे, तेथें बढाई शोभत नाहीं. तो दिवस पुन्हा आला, तर आम्ही पेढे आणावयास जाणार नाहीं. त्या वृद्ध सहकाऱ्यांना तेव्हांच विचारावयास हवें होतें तें विचारूं : सर, हा धाक जागता ठेवण्यासाठीं रात्रीं जागणार कोण, आणि त्यास डुलकी लागली तर?