ओळींमधली जागा

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला होते, तेव्हा पानं लावायचं इनडिझाइन हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं. मॅडमनी दिलेलं काम साधं होतं: आठवडी बाजारावरचा एक लेख, दोन फोटो आणि मासिकाची समोरासमोरची दोन पानं. पानाचा आकार ए4, म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटर. चारी कडांना 3 मिलिमीटर ब्लीड सोडायचं, म्हणजे कटिंगला सुरी जराशी सरकली तरी फोटोच्या कडेला कागदाची पांढरी रेघ राहत नाही.

मजकूर चौकटीत सोडला आणि पहिलाच शब्द मोडला. 'मिरच्या'मधली ऱ्हस्व वेलांटी 'म'च्या मागे जाऊन उभी राहिली होती आणि 'च'चा पाय मोडून 'या' वेगळा पडला होता. मॅडमनी परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' निवडायला सांगितलं, भाषेच्या यादीतून मराठी निवडायला लावलं आणि शब्द जागेवर आला. हे सॉफ्टवेअर तेव्हा आपली लिपी आपण सांगितल्याशिवाय वाचत नव्हतं, हा माझा पहिला धडा.

दुसरा धडा मिळायला आठवडा गेला. तोवर मी पान सजवत होते. मथळ्याला सावली दिली, फोटोभोवती रंगीत चौकटी आखल्या, मजकुराचे तीन कॉलम केले. पडद्यावर पान भरगच्च आणि देखणं दिसत होतं. मॅडमनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "छापून आण. आणि मला मोठ्यानं वाचून दाखव."

वाचताना दुसऱ्याच परिच्छेदात अडखळले. वरच्या ओळीतल्या 'मूग'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'कैऱ्यां'च्या मात्रांना टेकला होता. पुढे एक रफार वरच्या रुकारात अडकला होता. अक्षर 11 पॉइंट होतं आणि ओळींमधलं अंतर मी 'ऑटो'वर सोडलं होतं. ऑटो म्हणजे अक्षराच्या 120 टक्के, म्हणजे 13.2 पॉइंट. रोमन अक्षरांना एवढं अंतर चालून जातं. आपल्या ओळीचं तसं नाही. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि रुकार. देवनागरीची ओळ तिमजली आहे, आणि दुमजली घरांच्या अंतरावर तिमजली घरं बांधली की वरच्याचा पाय खालच्याच्या डोक्यावर येणारच.

पुढे या सॉफ्टवेअरचं मूळ शोधताना याचं कारण उमगलं. संगणकावर पान लावण्याची सोय घरोघरी नेणारं पेजमेकर हे सॉफ्टवेअर 1985 साली अमेरिकेतल्या अल्डस या कंपनीनं आणलं. 1994 मध्ये ती कंपनी ॲडोबीत विलीन झाली आणि 1999 मध्ये इनडिझाइन आलं. सगळी घडण रोमन लिपीतली, त्यामुळे आयती मापंही तिचीच. पण अल्डस हे नाव ज्याच्यावरून घेतलं, तो अल्डस मनुटिअस पाचशे वर्षांपूर्वीचा व्हेनिसचा मुद्रक. एका हातात धरून कुठेही वाचता यावीत अशी छोट्या आकाराची पुस्तकं त्यानं छापली. वाचणाऱ्याचा हात त्यानं आधी पाहिला आणि पानाचं माप मग ठरवलं. आयत्या मापांपेक्षा त्याची ही सवय मला जास्त मोलाची वाटते.

खिळ्यांच्या छापखान्यात ओळीवर ओळ चढणं अवघडच होतं, कारण शिसं शिशावर चढत नाही. दोन ओळींत मोकळीक हवी तर मध्ये शिशाच्या पट्ट्या घालत; ओळींमधल्या अंतरासाठीचा 'लेडिंग' हा इंग्रजी शब्द त्या शिशावरूनच आला. पडद्यावर कसलाच अडसर नाही. अक्षरावर अक्षर चढतं आणि यंत्र तक्रार करत नाही. धातू जे आपसूक सांभाळायचा, ते आता पान लावणाऱ्याच्या डोळ्यानं सांभाळायला हवं.

त्या पानावर मी ओळींमधलं अंतर 17 पॉइंट केलं. ओळी मोकळ्या झाल्या, पण चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिक चिन्ह उगवलं: मजकूर मावत नाही. लेखाचा जवळजवळ पाव हिस्सा बाहेर पडला होता. अक्षर लहान करण्याचा मोह झाला. त्याऐवजी रंगीत चौकटी काढल्या, मथळ्याची सावली काढली आणि एक फोटो निम्म्यावर आणला. तीन कॉलमही मोडले. 57 मिलिमीटरच्या कॉलममध्ये 'बाजारपेठेतल्यासारखी' असा एखादाच शब्द अर्धी ओळ खातो. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे शब्द लांबतात. दोन्ही कडा सरळ करायला गेलं की उरलेल्या शब्दांमध्ये भगदाडं पडतात. 87 मिलिमीटरचे दोन कॉलम केल्यावर ओळ सलग वाहू लागली. लेख पुरता मावला.

हे सगळं बदलताना प्रत्येक उपमथळा हातानं निवडून दुरुस्त करावा लागला, आणि 'पॅराग्राफ स्टाइल' कशासाठी असते तेही तेव्हाच कळलं. मजकूर, उपमथळा, फोटोओळ यांची मापं एकदा ठरवून नाव देऊन ठेवायची. एका जागी बदल केला की अख्ख्या अंकात होतो. शिस्त आधी लावली की विचार करायला वेळ उरतो.

दुसऱ्यांदा छापलेलं पान मी मॅडमसमोर शेवटपर्यंत न अडखळता वाचलं. त्यांनी मांडणीबद्दल काहीच विचारलं नाही. "तो कैऱ्या विकणारा दर मंगळवारी येतो का गं?" असं विचारलं. त्यांच्यापर्यंत लेख पोचला होता.

आज दिवाळी अंकाची पानं लावताना मी सर्वांत आधी एक पान मजकूर ओतून छापते आणि खिडकीशी बसून मोठ्यानं वाचते. फोटो, रंग, मथळे त्यानंतर. नव्यानं शिकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: कळा आणि आज्ञा महिन्याभरात हातात बसतील, त्यांची घाई करू नका. पान छापा, हातात धरा, आणि ज्याच्यासाठी ते लावलंय त्याच्यासारखं वाचा. जिथे तुम्ही अडखळाल, तिथे तोही अडखळणार आहे.