कोकणाकडं तोंड करून

कोल्हापूर मावळत्या सूर्यासाठी गर्दी करतं. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखा आणि जानेवारीची 31, मग फेब्रुवारीची 1 आणि 2 हे दिवस गावाला पाठ आहेत. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. संध्याकाळची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबऱ्याशी येतात. पहिल्या दिवशी देवीचे पाय, दुसऱ्या दिवशी कंबर-छाती आणि तिसऱ्या दिवशी मुख उजळतं. वाटेत एखाद्या इमारतीचा कोपरा आडवा आला किंवा क्षितिजावर ढग बसला, तर सगळ्या गावाला चुटपुट लागते. सूर्याची अशी वाट पाहणारी माणसं माझ्या गावात आहेत याचा मला फार अभिमान वाटतो.

उगवत्या सूर्यासाठी मात्र कुणी असं थांबत नाही. तो उगवतो तेव्हा तालमीत जोर-बैठका सुरू असतात, रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांचा निम्मा फेरा झालेला असतो, दूधवाले गल्लीतून परतीच्या वाटेला लागलेले असतात. म्हणून उगवत्याला भेटायचं तर गाव सोडून पश्चिमेला जावं, राधानगरीच्या पुढं, दाजीपूरच्या घाटमाथ्यावर. सूर्योदय पाहायला पश्चिमेला, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण सह्याद्रीतला सूर्योदय पाठ करूनच पाहावा, या मताला मी आता आले आहे.

ही गोष्ट मला शिकवली ती दाजीपूरकडच्या एका धनगर मामांनी. अभयारण्याचं फाटक उजाडल्याशिवाय उघडत नाही, आणि ते तसंच असायला हवं. म्हणून आम्ही जंगलाच्या बाहेर, फोंडा घाटाच्या माथ्याजवळच्या एका सड्यावर जाऊन बसलो होतो. मार्गशीर्षातली थंडी. मामांच्या खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मी पूर्वेकडं तोंड करून बसलेली. तिकडं भोगावतीच्या खोऱ्यावर आकाश राखाडी होत चाललं होतं आणि कोणत्या डोंगरामागून बिंब वर येईल याचा मी अंदाज बांधत होते. मामा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, तिकडं काय बघत बसलाय? दिस काय, उगवंलच. हिकडं तोंड करा, कोकणाकडं."

मी वळले.

पश्चिमेला, जिथं समुद्र असावा असं वाटत होतं, तिथं क्षितिजाला लागून गडद निळसर-करडा पट्टा पसरला होता आणि त्याच्यावर फिकट गुलाबी रंगाचा दुसरा. मला वाटलं, ढग असतील. मामा म्हणाले, "ढग न्हाई त्यो. रात हाय. आता खाली जाईल बघा." आणि खरंच, आम्ही पाहत होतो तसतसा तो पट्टा क्षितिजात उतरत गेला. गुलाबी रंग त्याच्या मागोमाग खाली सरकला आणि पसरट होऊन विरला.

मामांनी सांगितलं ते शब्दशः खरं होतं, हे पुढं वाचनात आलं. तो पट्टा म्हणजे खुद्द पृथ्वीची सावली. आपल्या पायाखालच्या गोलाची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला हवेवर पडते; सूर्य जसा वर येतो तशी ती पश्चिमेला बुडते. तिच्यावरचा गुलाबी पट्टा म्हणजे आपल्या डोक्यावरून पुढं गेलेला, हवेतल्या कणांवरून परत फिरलेला तांबूस प्रकाश. स्वच्छ हवेत, उघड्या क्षितिजावर हे रोज घडतं, आणि रोज सगळे पूर्वेकडं पाहत असतात. रात्र सरली असं आपण सहज म्हणतो. ती सरताना डोळ्यांनी दिसते, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतरचं नाट्य डोंगराचं. सह्याद्रीचा कडा देशाकडून पाहिला तर फार उंच वाटत नाही. चढ सावकाश येतो. कोकणाच्या बाजूला मात्र तो एकदम तुटतो. म्हणून सूर्य उगवला की घाटमाथ्यावर ऊन पडतं आणि खालचं सगळं कोकण डोंगराच्या सावलीत राहतं. किती लांब सावलीत? सातशे मीटर उंच कडा धरा. सूर्य क्षितिजाच्या अंशभर वर आला की त्या कड्याची सावली चाळीस किलोमीटर लांब पडते. हिशेब ढोबळ आहे, कारण खालचा मुलूख सपाट नाही आणि देशाकडच्या डोंगरांचाही अडसर असतो. पण घाटापासून समुद्र याहून फार दूर नाही. म्हणजे दाजीपूरच्या माथ्यावर पहिलं ऊन पडतं तेव्हा डोंगराची सावली जवळपास दर्याला टेकलेली असते.

आणि मग ती मागं यायला लागते. हिवाळ्यात आपल्याकडं सूर्याला अंशभर चढायला साडेचार मिनिटं लागतात. दोन अंशांवर आला की सावली वीस किलोमीटरांची उरते. पाच मिनिटांच्या आत वीस किलोमीटर मुलूख सावलीतून सुटतो! लाल मातीचे माळ, आंबा-काजूच्या बागा, कौलारू घरं, नदीची वळणं, एकामागून एक. पुढं तिचा वेग मंदावतो. पाऊण तासानं सूर्य दहा अंशांवर येतो तेव्हा ती कड्याच्या पायथ्यापासून चार किलोमीटरांवर आलेली असते. पायथ्याच्या वाड्यांना ऊन मिळतं ते सगळ्यांच्या शेवटी. देवगडच्या किनाऱ्यावरचा मासेमार अंगावर ऊन घेऊन उभा असताना घाटाच्या अगदी पायाशी राहणारी बाई अजून चुलीपाशी शेकत बसलेली असते, आणि सूर्य मात्र तिच्याच डोक्यावरच्या डोंगरामागून उगवलेला असतो.

सावलीला ऋतूही आहेत. मार्गशीर्ष-पौषात सूर्य आग्नेयेला कलून उगवतो, तेव्हा ती वायव्येला विजयदुर्गाच्या बाजूला लांबते. मार्चअखेरीस ती नीट पश्चिमेला, देवगडाच्या रोखानं पडते. मे महिन्यात मालवणाकडं झुकते, पण तेव्हा हवा इतकी धुरकट असते की काही धड दिसत नाही. वर्षभर डोंगराची ही सावली किनाऱ्यावरून उत्तर-दक्षिण फिरत असते. भिंतीवर कॅलेंडर नसलेल्या काळात घाटमाथ्यावरच्या एखाद्या गुराख्यानं यावरून महिने ओळखले असतील, असं मला मनापासून वाटतं.

थंडीत यात धुक्याची भर पडते. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, उतारावरून ओघळत दरीत साठते. म्हणून पहाटे माथ्यावर जेवढी थंडी असते त्याहून जास्त कधीकधी खालच्या खोलगट भागात असते, आणि धुकंही तिथंच धरतं. डोंगराच्या सावलीमुळं त्याला ऊन उशिरा लागतं, म्हणून ते उशिरापर्यंत टिकतं. पाठीमागं सूर्य आणि समोर धुकं असा योग जुळला की धुक्यावर आपलीच सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत वलय दिसतं. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला ते हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसल्याची नोंद आहे. मला ते अजून दिसलेलं नाही. तेही दिसतं पूर्वेकडं पाठ केलेल्यालाच.

त्या दिवशी सड्यावर ऊन आलं तेव्हा मी कातळाला हात लावून पाहिला. जांभ्याच्या त्या काळपट खडकाला हजार छिद्रं. प्रत्येकात दव साठलेलं, कडेला वाळून पिवळं पडलेलं पावसाळी गवत. ऊन आडवं आलं की छिद्रांच्या पश्चिमेकडच्या कडा आधी उजळतात आणि पूर्वेकडच्या काळ्याच राहतात. घाटमाथ्यावर जे चाललं होतं नेमकं तेच त्या बोटभर खळग्यात चाललं होतं. थोड्या वेळानं खळग्याच्या तळाला ऊन पोचलं, दवाला चमक आली आणि एक मुंगी बाहेर आली.

हे पठार पाणलोटाचंही आहे. पावसाळ्यात कड्याच्या अलीकडं पडलेलं पाणी भोगावतीत जातं, पंचगंगेतून कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागरापर्यंत पूर्वेचा प्रवास करतं. पलीकडं पडलेलं काही तासांत अरबी समुद्राला पोचतं. पाणी सूर्याच्या दिशेनं जातं आणि प्रकाश त्याच्यासमोरून कोकणाकडं येतो. दोघांची गाठ पडते ती या माथ्यावर.

पहाट सगळ्यांना सारखी नसते, हेही इथंच कळतं. राधानगरीच्या खोऱ्यात रात्रभर शेताची राखण करणारी माणसं आहेत. गवे उसात, भातात उतरतात. माणसं माळ्यावर बसून डबे वाजवतात, शेकोटी पेटती ठेवतात. आमच्या खालच्या अंगाला असाच एक डबा अधूनमधून वाजत होता. उजाडलं तसा तो थांबला. ज्यानं तो वाजवला त्याच्या दृष्टीनं सूर्योदय म्हणजे आता घरी जाऊन पाठ टेकायची वेळ. थोड्याच वेळात समोरच्या उतारावर झाडांच्या कडेला गवे दिसले, रात्रीचं चरून जंगलात परतणारे. पुढचा नर जवळजवळ काळा, गुडघ्याखाली पाय पांढरे, मानेमागं उंच वशिंडासारखा उंचवटा. असा पूर्ण वाढलेला नर हजार किलोंच्या घरात जातो. त्यानं मान वळवून आमच्याकडं पाहिलं. नाकपुड्यांतून वाफ निघाली आणि उन्हात क्षणभर दिसली. मामांनी काठी आडवी धरली, बोलले काही नाहीत. कळप आत गेला. फांद्या हलायच्या थांबल्या तरी मामा तिकडंच पाहत होते. "पीक खात्यात," ते म्हणाले, "पर त्येंच्याबिगार ह्ये रान रान वाटायचं न्हाई." नुकसान सोसणाऱ्या माणसानं हे म्हणावं, याचं मोल मला फार वाटतं. त्याला भरपाई वेळेवर मिळावी असंही तितकंच वाटतं.

हे जंगल राहिलं ते आपोआप राहिलेलं नाही. कोल्हापूर संस्थानच्या काळात दाजीपूर हे शाहू महाराजांचं राखीव शिकारीचं रान होतं. 1958 साली गव्यांसाठी इथं अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पुढं ते वाढून 351 चौरस किलोमीटरांचं राधानगरी अभयारण्य झालं. उत्तरेला शाहूवाडीच्या अंगाला चांदोली. तिथं 2004 साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि 2010 साली कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा मानलं, तेव्हा महाराष्ट्रातल्या कास आणि कोयनेबरोबर ही दोन्ही रानं त्या यादीत बसली. चांदोलीच्या आतली गावं उठली. माणसं आता सांगली-कोल्हापूरच्या पुनर्वसन वसाहतींत राहतात; मागं घरांची जोती आणि परसातले फणस-आंबे राहिले. तिथं पहाट होते तेव्हा पाहणारं माणूस कुणी नसतं. त्या माणसांनी सोडलेल्या मुलखामुळं तिथं रान वाढलं, आणि 2023 च्या डिसेंबरात चांदोलीतल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. राष्ट्रीय उद्यानाची थोरवी सांगताना या माणसांचं नाव आधी घ्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

चांदोली आणि राधानगरी यांच्यामध्ये विशाळगड, गगनबावडा हे घाटमाथ्याचे पट्टे आहेत. वाघ, गवे, अस्वलं यांची ये-जा इथूनच. इथल्याच सड्यांच्या जांभ्याखाली बॉक्साइट आहे. एकदा सडा खणला की त्याच्यावर झाडं लावता येतात, पण पावसाळ्यातली ती इवली फुलं, कातळाच्या छिद्रांतलं ते पाणी आणि त्यावर जगणारे जीव पुन्हा उभे करता येत नाहीत. सड्याला पडीक जमीन समजणं बंद झालं पाहिजे.

उजेडाबद्दलही बोललं पाहिजे. घाटमाथ्यावर हॉटेलांचे झोत, रिसॉर्टांचे रंगीत दिवे वाढत चालले आहेत.  गव्यांना अंधार लागतो. राखणीच्या माणसाच्या शेकोटीएवढा उजेड रानाला चालतो, त्याहून जास्त नको.

तेव्हा कोल्हापूरकरांनो, येत्या डिसेंबर-जानेवारीत एकदा जा. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं, आणि आपण सव्वाचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. त्यामुळं आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे 33 मिनिटं मागं असतो, आणि जानेवारीत तर तो सातनंतर उगवतो. सहाला माथ्यावर असलात तरी पुरे. मात्र कोल्हापुरातून अंधारात गाडी हाणत येऊ नका. आदल्या रात्रीच राधानगरीला किंवा दाजीपूरला मुक्काम करा. गावातलाच वाटाड्या घ्या आणि त्याला त्याच्या कष्टाचे पैसे द्या. स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवा, सड्यावर बसलात की मोबाइलची बॅटरी बंद करा. अभयारण्यात जायचं असेल तर फाटक उघडल्यावर, नोंद करून जा. आणि गाडी सावकाश चालवा, कारण पहाटेच्या वेळी त्या रस्त्यावर गवे असतात.