नसलेली आग

फ्लेम डिटेक्टरला आग नक्की दिसेल ना, असं नवीन पोरं विचारतात. मी सांगतो, नसलेली आग त्याला दिसणार नाही, याचीही तितकीच खात्री करा. सॉल्व्हंटच्या टाक्यांवरचा अलार्म दोन-तीनदा उगाच वाजला, की कंट्रोल रूममधल्या माणसाचा हात आपसूक रिसेटकडे जातो. मग यंत्र चालू असूनही टाकी बेवारस होते.

आपल्याला ज्वाळा पिवळी-तांबडी दिसते, पण आमचे डिटेक्टर त्या रंगावर विसंबत नाहीत. कार्बनयुक्त इंधन जळताना तापलेला कार्बन डायऑक्साइड 4.3 ते 4.4 मायक्रॉनच्या आसपास जोरदार अवरक्त किरण सोडतो. उन्हातले नेमके हेच किरण हवेतला कार्बन डायऑक्साइड वाटेतच शोषून घेतो, त्यामुळे भर दुपारीही या पट्ट्यात सूर्याचा त्रास फारसा होत नाही. पण तापलेली पाइपलाइन, इंजिनाचा एक्झॉस्ट? तेही याच पट्ट्यात झळकतात. म्हणून ट्रिपल आयआर डिटेक्टरमध्ये तीन सेन्सर असतात. मधला या पट्ट्यावर, उरलेले दोन त्याच्या अलीकडे-पलीकडे. तापलेलं लोखंड तिघांनाही दिसतं; ज्वाळेत मधल्याचाच सिग्नल उसळतो. शिवाय ज्वाळा थरथरते, सेकंदाला साधारण 1 ते 10 वेळा. दोन्ही खुणा जुळल्या तरच अलार्म.

अतिनील किरण टिपणारा डिटेक्टर चपळ खरा, पण वेल्डिंगचा आर्क आणि आकाशातली वीज त्याला चकवतात. तरीही हायड्रोजनजवळ तो लागतो, कारण त्या ज्वाळेत कार्बनच नसतो. काय जळणार आहे हे ठरल्याशिवाय डिटेक्टर निवडू नये.

पावसाळा सरला की मी एकेक डिटेक्टर उघड्या डोळ्यांनी बघतो. पुढची सफायरची काच जेमतेम अंगठ्याएवढी. तिच्यावर खाऱ्या वाऱ्याची साय धरलेली असते, हुडात कोळ्यानं जाळं विणलेलं असतं. आधी पॅनेलवर डिल्यूज, म्हणजे पाण्याचा मारा, बंद करायचा, नाहीतर चाचणीतच टाक्यांवर पाणी सुटेल. मग ओल्या मऊ कापडानं काच पुसायची आणि टेस्ट लॅम्प रोखायचा. डिटेक्टरवरचा दिवा लाल होऊन कंट्रोल रूममधून ‘आला’ असा आवाज आला, की पुढचा.

खोटा अलार्म आला की संवेदनक्षमता कमी करा, असं हमखास सुचवलं जातं. मी त्याला ठाम विरोध करतो. अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथाईवर येतो. त्यात संवेदनक्षमता उतरवली, तर दूरची छोटी आग मोठी होईपर्यंत कळणार नाही. आधी कारण शोधा: वेल्डिंग कुठे चाललंय, डिटेक्टरचं तोंड कुठे आहे, निवड तरी बरोबर आहे का.

आणि वेल्डिंगसाठी डिटेक्टरचा बायपास घेतलाच, तर रजिस्टरमध्ये वेळ लिहा, काम संपताच तो काढा आणि काढल्याची सही करूनच शिफ्ट सोडा.