दूरचा संघ

माझा भाचा सिडनीस स्थायिक झाल्यापासून रग्बी लीग या धसमुसळ्या खेळाविषयी मलाही मत बाळगावे लागते. दूरदूरच्या शहरांस संघ देणे म्हणजे आळीतले दैवत उचलून बाजारात मांडणे होय, असे तो परवा दूरध्वनीवर तावातावाने म्हणाला. पेशाला जागून मी अर्थातच विरुद्ध बाजू घेतली.

१९०८ साली ही स्पर्धा सुरू झाली ती मुख्यतः सिडनीच्या उपनगरांतील संघांची. १९९५ मध्ये ती तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूरच्या पर्थला पोचली. १९९७ नंतर तो संघ बुडाला, हे खरे. "परंतु मेलबर्नचे काय?" मी विजयी मुद्रेने विचारले. "१९९८ साली संघ निघाला आणि दुसऱ्याच वर्षी अजिंक्य ठरला!"

"मामा, त्याच वर्षाअखेर साउथ सिडनीला बाहेर काढले. १९०८ पासूनचा संघ तो!"

त्या संघासाठी हजारो माणसे रस्त्यावर उतरली, प्रकरण न्यायालयात गेले व २००२ मध्ये तो परतला, हे मला ठाऊक होते. वादाच्या सोयीसाठी विसरलो होतो, इतकेच.

पर्थला २०२७ पासून पुन्हा संघ देण्याचे २०२५ साली जाहीर झाले, आणि त्यास नाव दिले नॉर्थ सिडनीच्या 'बेअर्स'चे. तोही संघ १९०८ चाच; १९९९ अखेर अव्वल स्पर्धेतून नाहीसा झालेला. "निदान नाव तरी जगले!" मी म्हणालो.

"नाव पर्थला, आणि त्यावर जीव टाकणारे म्हातारे सिडनीत. ते सामन्याला कसे जाणार?"

मला उत्तर सुचले नाही. भाच्याला घर सोडून बारा वर्षे झाली. यंदा गणपतीला येणार का, हे विचारायचे राहूनच गेले.