मुंबईत बारा, बंगळुरूत साडेतेरा

बिअरमध्ये किती वायू मुरेल हे सांगणारे तक्ते जगभरच्या ब्रुअरींच्या भिंतींवर दिसतात. एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला दाब आणि मधल्या चौकटीत उत्तर. हे तक्ते समुद्रसपाटीसाठी मांडलेले असतात. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथल्या ब्रुअरला त्यातला आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही.

या शहरात आज ताज्या बिअरला मोठा चाहतावर्ग आहे. पुण्यात २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रुअर ऑलिव्हर शॉफ यांच्या साथीने ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू केली. त्यानंतर थोड्याच काळात बंगळुरूत ‘टॉइट’ आणि ‘द बिअर क्लब’ आल्या, २०१२ मध्ये ‘आर्बर’. घरगुती बिअरची गोष्ट मात्र वेगळी. ब्रिटनने १९६३ मध्ये घरी बिअर करण्यावरची परवान्याची अट काढली, अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा करून वाट मोकळी केली. कर्नाटकात १९६५ च्या अबकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करता येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये छंद म्हणून शिकली जाणारी ही विद्या इथे परवानाधारक मायक्रोब्रुअरीतच हाताखाली राहून शिकावी लागते. शास्त्र दोन्हीकडे एकच.

त्या शास्त्राची सुरुवातही ब्रुअरीतच झाली. १७६७ च्या सुमारास लीड्समध्ये ब्रुअरीशेजारी राहणाऱ्या जोसेफ प्रिस्टली यांनी आंबणाऱ्या पिंपांवर साचलेल्या वायूत पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं आणि त्यांना फसफसतं पाणी मिळालं. १८०३ मध्ये विल्यम हेन्री यांनी नियम सांगितला: तापमान तेच असेल तर द्रवात विरघळणारा वायू त्याच्या दाबाच्या प्रमाणात असतो. द्रव जितका थंड, तितका वायू जास्त मुरतो.

नेहमीच्या लागर किंवा पेल एलमध्ये साधारण अडीच ‘व्हॉल्यूम’ कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे लिटरमागे जवळपास पाच ग्रॅम. गव्हाच्या जर्मन बिअरला साडेतीनपर्यंत हवा, तर पिंपातून ओढलेल्या इंग्लिश एलला दीडही पुरतो. बिअर ४ अंश सेल्सिअसला असेल तर अडीच व्हॉल्यूमसाठी दाब मोजणाऱ्या गेजवर १२ पीएसआय लागतात. तीच बिअर २५ अंशांवर राहिली तर ३३ लागतील. म्हणून आधी थंड करायचं, मग वायू सोडायचा.

घरगुती बिअरसाठी वापरला जाणारा १९ लिटरचा केग, म्हणजे पिंप, मुळात सोडा कंपन्यांचा. अंडाकृती झाकण, त्याखाली जाड रबरी रिंग आणि दोन झडपा, एक वायू आत घेणारी, एक बिअर बाहेर सोडणारी. बिअर भरल्यावर वायू आत सोडून वरची हवा दोन-तीनदा बाहेर काढतात, कारण उरलेला प्राणवायू चव बिघडवतो. मग रिंगवर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडा आला की गळती. वायूच्या सिलिंडरवरच्या गेजवर विसंबता येत नाही. आत द्रवरूप वायू असेपर्यंत काटा जागचा हलत नाही आणि द्रव संपला की झपाट्याने खाली येतो. किती उरलंय हे वजनकाट्यावरच कळतं.

घाई असलेला ब्रुअर दाब तिसापर्यंत चढवतो, केग हलवतो आणि एका दिवसात मोकळा होतो. पण कुठे थांबायचं ते त्याला सांगता येत नाही, आणि जास्त मुरलेला वायू काढताना फेसाबरोबर सुगंधही जातो. माझ्या मते ठरलेल्या दाबावर आठ-दहा दिवस ठेवणं हाच चांगला मार्ग. तोल साधला की त्यापुढे वायू मुरत नाही, त्यामुळे चुकायला वावच राहत नाही.

आता उंचीचा हिशेब. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब, पण वायू मुरवतो तो एकूण दाब. समुद्रकाठी हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो, बंगळुरूत तो सुमारे १३.२ भरतो. गेजवर इथेही १२ ठेवले तर एकूण दाब दीडने कमी पडतो आणि अडीचऐवजी २.३६ व्हॉल्यूमच्या आसपास वायू मुरतो. जिभेला ते कळतं, बिअर मिळमिळीत लागते. म्हणून मुंबईत १२, पुण्यात १३, तर बंगळुरूत साडेतेरा.

पण साडेतेरा लावले की बिअर नळातून बाहेरच्या विरळ हवेत जास्त जोराने येते आणि फेसाळते. अशा वेळी पुष्कळ जण दाब उतरवतात, मग दोन दिवसांत बिअरचा वायूच उतरतो. इलाज नळीत आहे. केगपासून नळापर्यंतची बारीक नळी आणखी लांब घेतली की घर्षणाने जोर मोडतो आणि ग्लासात दोन बोटं फेस बसतो.

मोजमापाची हीच शिस्त कोल्डरूमलाही हवी. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, रंग नाही, वास नाही. बंद खोलीत गळती झाली तर तो खालून साचत जातो आणि माणूस बेशुद्ध पडतो. वायूचा सेन्सर जमिनीलगत असावा. केग बदलायला आत जाणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावावं: अलार्म वाजला की आधी स्वतः बाहेर यायचं, आणि सिलिंडरची झडप बाहेरूनच बंद करता येईल अशी सोय मालकाने करून द्यायची.